पडद्यावरची गाडी आणि भुसावळचे प्रेक्षक

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

भुसावळातील एका वाचनालयाच्या सभागृहात दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी आम्ही काही मंडळी जुने हॉलिवूडपट पाहण्यासाठी जमतो. आपल्या दैनिकाच्या वाचकपत्रांच्या सदरात पंधरा दिवसांपूर्वी प्रसिद्ध झालेल्या एका पत्रात आमच्या या उपक्रमावर टीका होती. पत्रलेखकांचे म्हणणे थोडक्यात असे की, जुने इंग्रजी चित्रपट पाहणे हा पुण्या-मुंबईकडच्या इंग्रजी शिकलेल्या लोकांचा षोक आहे, खान्देशच्या मातीत त्याला मूळ नाही, आणि ज्यांना त्यांतले संवाद धड कळत नाहीत त्यांनी त्या नटनट्यांचे गोडवे गाणे म्हणजे निव्वळ मिरवणे आहे. पत्राची भाषा सभ्य होती. सभागृहाच्या भाड्याबद्दल त्यांनी विचारलेला प्रश्नही रास्त होता. भाडे आम्ही वर्गणीतून भरतो, वाचनालयाचा त्यात एक रुपयाही जात नाही, एवढे उत्तर त्याला पुरे. मूळ नसल्याचा मुद्दा मात्र मला सोडून देता येत नाही, कारण ज्या माणसांकडून मी हे चित्रपट पाहायला शिकलो, त्यांतल्या बहुतेकांना इंग्रजीत स्वतःची सहीसुद्धा करता येत नव्हती.

माझे वडील वाफेच्या इंजिनावर फायरमन, म्हणजे भट्टीत कोळसा घालणारे, होते. माझ्या लहानपणी, म्हणजे साठच्या दशकात, रेल्वे कर्मचाऱ्यांसाठी अधूनमधून चित्रपट दाखवले जात. हिंदी असत, क्वचित मराठी असत, आणि वस्तीतल्या अँग्लो-इंडियन कुटुंबांमुळे इंग्रजीही असत. उन्हाळ्यात मोकळ्या मैदानात दोन खांबांना पांढरे कापड ताणून पडदा केला जाई, आणि ज्यांना पुढे जागा मिळत नसे ते खुशाल पडद्याच्या मागे बसून उलटा चित्रपट पाहत. प्रोजेक्टर १६ मिलिमीटरचा आणि एकच. त्याच्या मोठ्या रिळात पाऊण तासाच्या आतबाहेर चित्रपट मावतो. ते संपले की दिवा लागे, ऑपरेटर दुसरे रीळ चढवी, आणि त्या पाच-सात मिनिटांत फायरमन, शंटर, खलाशी (म्हणजे रेल्वेतले मदतनीस कामगार), पॉइंट्समन अशी सगळी मंडळी नुकत्याच पाहिलेल्या भागाचा पंचनामा करीत. रसग्रहण हा शब्द मी पुढे कॉलेजात ऐकला. ती क्रिया मात्र मी रीळ बदलतानाच्या त्या वेळात पाहिली होती.

बस्टर कीटनचा ‘द जनरल’ हा १९२६ सालचा मूकपट मी तिथेच पहिल्यांदा पाहिला. अमेरिकेच्या यादवी युद्धात १८६२ साली उत्तरेकडच्या हेरांनी दक्षिणेतले एक इंजिन पळवून नेले आणि त्याचा पाठलाग झाला, या खऱ्या घटनेवर तो बेतलेला आहे. कीटनने त्यात इंजिन ड्रायव्हरची भूमिका केली आहे. सैन्यात भरती न झाल्यामुळे प्रेयसीने झिडकारलेला तो ड्रायव्हर खिन्न होऊन इंजिनाच्या चाकांना जोडणाऱ्या लोखंडी दांड्यावर, म्हणजे कपलिंग रॉडवर, जाऊन बसतो. स्वतःच्या दुःखात तो इतका बुडालेला असतो की इंजिन हलले तरी त्याला पत्ता लागत नाही. दांड्याबरोबर तो बसल्या बसल्या वर जातो, खाली येतो, आणि तसाच शेडच्या अंधारात शिरतो. आजही जगभर ही काही सेकंदे पाहून लोक हसतात. भुसावळच्या त्या मैदानात मात्र आधी कोणी हसलेच नाही. वाफ जरा जास्त सुटली की चाके रुळावर जागच्या जागी गरगर फिरतात आणि त्या दांड्यावरचा माणूस दगडासारखा भिरकावला जातो, हे तिथे बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होते. माझ्या शेजारी बसलेले एक खलाशी काका दबक्या आवाजात म्हणाले, “अरे भो, हा मानूस मरीन ना!” आणि इंजिन शेडमध्ये शिरल्यावर, “याले इंजिन कयते.” एखाद्या नटाला याहून मोठी दाद मी आजवर ऐकलेली नाही. ते दृश्य खरोखरच धोक्याचे होते, त्यात यंत्राची कसलीही बनवाबनवी नव्हती आणि रेग्युलेटर, म्हणजे वाफ कमी-जास्त सोडण्याचा दांडा, धरलेल्या ड्रायव्हरच्या हातावर कीटनचा जीव अवलंबून होता, हे पुढे मी पुस्तकांत वाचले. खलाशी काकांना ते न वाचता कळले होते.

त्याच चित्रपटात रुळावर आडवा टाकलेला एक जाड स्लीपर (रुळांखाली घालतात तो लाकडी ओंडका) हटवण्यासाठी कीटन इंजिनाच्या अगदी पुढच्या टोकाला बसतो आणि हातातला दुसरा स्लीपर नेमका त्याच्या टोकावर आपटून त्याला उडवून लावतो. चालत्या इंजिनावर, एकाच झटक्यात. पुढे प्रेयसी भट्टीत घालण्यासाठी काटकीएवढे लाकूड निवडून आणते आणि भोक पडलेला ओंडका मात्र नापसंत म्हणून फेकून देते, तेव्हा फावड्याने कोळसा ओढून खांदे मोडलेल्या आमच्या फायरमन मंडळींची हसून हसून पुरेवाट झाली. शेवटी जळता पूल कोसळून इंजिन नदीत पडते, ते खेळण्यातले इंजिन नव्हते. ऑरेगन राज्यात खऱ्या नदीवर पूल बांधून, तो पेटवून, खरे इंजिन एकाच टेकमध्ये खाली घालवले होते आणि दुसऱ्या महायुद्धात भंगारासाठी उचलेपर्यंत ते कित्येक वर्षे त्या पात्रातच पडून होते. हा प्रसंग पाहून वडील गप्प झाले. त्यांना त्या इंजिनाचे वाईट वाटले होते.

हा चित्रपट त्या काळी पडला. समीक्षकांनी नाके मुरडली, पैसे बुडाले, आणि दोनच वर्षांत कीटनला स्वतःची स्वतंत्र निर्मिती सोडून एका मोठ्या स्टुडिओच्या पगारावर जावे लागले. १९५० च्या दशकात जेम्स मेसन हा अभिनेता कीटनच्या जुन्या बंगल्यात राहत असताना त्याला तिथे कीटनच्या चित्रपटांची रिळे सापडली आणि ती वाचवली गेली. पुन्हा खेळ होऊ लागले, नव्या पिढीने त्याला डोक्यावर घेतले, आणि १९६० साली ऑस्कर देणाऱ्या अकादमीने त्याला मानाचा पुरस्कार दिला. अमेरिकेत मूकपटांच्या काळात निघालेल्या सुमारे ११ हजार कथापटांपैकी मूळ स्वरूपात जेमतेम १४ टक्के उरले आहेत, असे तिथल्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या २०१३ मधील अभ्यासात नोंदवलेले आहे. जे उरले त्यांतले पुष्कळसे अशाच कोणाच्या तरी वेडामुळे उरले. तेव्हा जुन्या चित्रपटांवरचे चाहत्यांचे प्रेम अगदीच निरुपयोगी असते, असे पत्रलेखकांनी समजू नये.

दुसरा चित्रपट ‘हाय नून’, १९५२ सालचा. हा बोलपट, तेव्हा पत्रलेखकांचा आक्षेप इथे लागू व्हायला हवा. वडिलांच्या इंजिनावरचे अँग्लो-इंडियन ड्रायव्हर साहेब खेळाच्या आधी उभे राहून आपल्या हिंदीत कथा सांगत. त्या दिवशी त्यांनी सांगितली ती अशी : “बारा बजे गाड़ी आएगा. उसमें बदमाश आएगा. गाँव में कोई मदद नहीं करेगा. बस.” एवढ्या भांडवलावर दीडशे माणसांनी तो चित्रपट पाहिला, आणि मी सांगतो, की पूर्ण पाहिला. गॅरी कूपर नुकतेच लग्न झालेला, नोकरीचा बिल्ला खाली ठेवून निघालेला मार्शल, म्हणजे गावचा पोलीस अधिकारी, आहे. त्याने तुरुंगात धाडलेला गुंड सुटला आहे आणि दुपारच्या गाडीने येतो आहे. त्याचे तीन साथीदार स्टेशनावर त्याची वाट पाहत बसले आहेत. कूपर दारोदार मदत मागत फिरतो. न्यायाधीश गाव सोडतो, मित्र बायकोला दारात पाठवून घरात नसल्याचे सांगतो, चर्चमधली भली माणसे चर्चा करून त्यालाच निघून जायला सांगतात. दिग्दर्शक फ्रेड झिनेमन मधूनमधून दोनच गोष्टी दाखवत राहतात : भिंतीवरचे घड्याळ आणि क्षितिजापर्यंत गेलेले रिकामे रूळ. पडद्यावरचा वेळ आणि प्रेक्षकाच्या मनगटावरचा वेळ जवळजवळ सारखाच चालतो. ज्यांचे सगळे आयुष्य टाइमटेबलावर बेतलेले, त्या माणसांना याचे भाषांतर कशाला हवे होते? बरोबर मध्यावर रीळ संपले आणि दिवा लागला, तेव्हा एका गार्डसाहेबांनी खिशातले घड्याळ काढून पाहिले आणि ‘गाडी लेट झाली’ म्हणून सांगितले. त्यावर झालेला हशा मला अजून आठवतो.

कूपरच्या अभिनयाबद्दल त्या वेळात जी चर्चा झाली ती मी इथे मुद्दाम नोंदवतो. वाद असा होता की, हा माणूस घाबरलेला आहे की नाही. काहींच्या मते नायक घाबरत नसतो. वडिलांचे म्हणणे होते की तो घाबरलेला आहे, त्याच्या चालण्यावरून ते कळते. तो दर दारापासून परत फिरताना आधीपेक्षा थोडा हळू चालतो. कूपर तेव्हा पन्नाशीचा होता आणि चित्रीकरणाच्या दिवसांत त्याची प्रकृतीही बरी नव्हती. चेहऱ्यावरचा तो थकवा त्याने लपवला नाही, आणि त्या भूमिकेसाठी त्याला ऑस्कर मिळाले. (त्याच्या नववधूच्या भूमिकेतली ग्रेस केली अवघी एकवीस वर्षांची होती; हे तेव्हा कोणाला खटकले नाही, आज पाहताना मला खटकते.) पटकथाकार कार्ल फोरमन यांना चित्रपट तयार होत असतानाच साम्यवादी असल्याच्या संशयावरून चौकशी समितीपुढे जावे लागले, हॉलिवूडने त्यांना वाळीत टाकले आणि ते इंग्लंडला निघून गेले. ज्याच्याकडे जावे तो दार लावून घेतो, ही गोष्ट त्यांनी कुठून लिहिली हे मला पन्नाशी उलटल्यावर समजले. तरीही वडिलांना चालण्यातली भीती दिसली होती आणि ती बरोबर दिसली होती, हे माझ्या लेखी कमी नाही.

‘द ट्रेन’ आमच्याकडे येईपर्यंत मी स्वतः रेल्वेत लागलो होतो. १९६४ सालच्या या चित्रपटात दुसऱ्या महायुद्धात फ्रान्समधली अमूल्य चित्रे गाडीत भरून जर्मनीला नेण्याचा नाझींचा डाव रेल्वेचे लोक हाणून पाडतात. एक म्हातारा ड्रायव्हर तेलाच्या नळीत नाणी घालून बेअरिंग कोरडे पाडतो आणि इंजिन निकामी करतो. बर्ट लँकेस्टर वितळलेला धातू ओतून नवे बेअरिंग घडवतो, आणि ते काम तो स्वतःच्या हातांनी करताना दिसतो. लँकेस्टर पूर्वी सर्कशीत कसरती करीत असे, त्यामुळे चालत्या इंजिनावर चढणे-उतरणेही त्याचेच. वर्कशॉपमधल्या फिटर मंडळींनी त्याची ओळख ‘आपला मानूस’ अशी करून टाकली होती आणि नाव कोणालाच उच्चारता येत नव्हते. वडिलांच्या एका वहीत पाहिलेल्या चित्रपटांची यादी आहे, तीत ‘बष्टर किटन’, ‘ग्यारी कुपर’ अशी नावे आहेत आणि लँकेस्टरच्या जागी नुसते ‘बेरिंगवाला’ असे लिहिले आहे.

हे केवळ रेल्वेपुरते होते असे नाही. जळगावच्या आणि अमळनेरच्या गिरण्यांत ज्यांची हयात गेली, त्यांना चॅप्लिनचा ‘मॉडर्न टाइम्स’ कोणी समजावून सांगावा लागला नाही. पट्ट्यावरून सरकत येणारे नट-बोल्ट आवळता आवळता हात थांबेनासे होणे, हे दुपारपाळी संपवून आलेल्या माणसाला शब्दाविना कळते. चॅप्लिन १९३१ साली लंडनमध्ये गांधीजींना भेटला होता आणि यंत्रांना त्यांचा विरोध का, हे त्याने विचारले होते. पाच वर्षांनी, १९३६ च्या फेब्रुवारीत हा चित्रपट आला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात आपल्या फैजपूरला खेड्यातले पहिले काँग्रेस अधिवेशन भरले, ज्यात गांधीजींनी खादी आणि ग्रामोद्योगांचे प्रदर्शन उघडले. या दोन घटनांचा एकमेकींशी थेट संबंध नाही, हे मला माहीत आहे. पण खान्देशात मूळ नसल्याचे कोणी म्हटले की मला हटकून हे साल आठवते.

आता पत्रलेखकांच्या म्हणण्यात तथ्य आहे तेही मान्य करतो. भाषेवाचून सगळेच कळते असा माझा दावा नाही. ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’ हा १९५७ सालचा चित्रपट आमच्याकडे सपशेल पडला होता. एका खोलीत बारा माणसे बसून बोलत आहेत, ड्रायव्हर साहेब रजेवर, आणि सांगणारे कोणी नाही. दुसरे रीळ चढेपर्यंत निम्मे मैदान रिकामे झाले. बासू चॅटर्जींनी त्यावरून १९८६ साली हिंदीत केलेला ‘एक रुका हुआ फैसला’ पाहिला तेव्हा मला समजले की त्या रात्री आम्ही काय गमावले होते. चांगले चित्रपट सर्वांपर्यंत पोहोचावेत असे वाटत असेल तर त्यांना मराठी उपशीर्षके हवीत, आणि ती कोणी आयती आणून देणार नाही.

या चित्रपटांतले सगळेच प्रेमाने पाहण्यासारखे आहे असेही नाही. ‘द जनरल’चा नायक गुलामगिरी टिकवू पाहणाऱ्या बाजूचा आहे आणि चित्रपट त्याबद्दल चकार शब्द काढत नाही. आपल्याकडच्या एका रेल्वे जंक्शनवरची गोष्ट सांगणारा ‘भवानी जंक्शन’ १९५६ साली आला. त्यात आवा गार्डनर अँग्लो-इंडियन तरुणी झाली आहे, चित्रीकरण मात्र लाहोरला झाले आणि महत्त्वाच्या शीख पात्राचे काम एका गोऱ्या नटाने रंग लावून केले. ड्रायव्हर साहेबांना तो चित्रपट मुळीच आवडला नव्हता. ‘हमारा घर ऐसा नहीं होता’, एवढेच ते म्हणाले आणि पुढच्या खेळाला कथा सांगायला आले नाहीत. चाहत्याने डोळे मिटून घ्यावेत असे आमच्या गटात कोणीही मानत नाही; खेळानंतरच्या चर्चेत या बाजूवरच जास्त वेळ जातो.

आपल्या दैनिकाकडेही एक विनंती आहे. जुन्या हॉलिवूड कलावंतांच्या जयंती-पुण्यतिथीला रविवारच्या पुरवणीत त्यांच्यावर मजकूर येतो, याबद्दल आम्ही आभारी आहोत. पण त्यात लग्ने, घटस्फोट आणि अखेरचे दिवस यांपलीकडे क्वचितच काही असते. ऑड्री हेपबर्नच्या सौंदर्यावर तीन रकाने आणि ‘रोमन हॉलिडे’मध्ये अखेरीस पत्रकारांच्या रांगेपुढून जाताना ती राजकन्येचा संयम कसा सांभाळते, यावर एक ओळही नाही, हे वाचताना चुटपुट लागते. त्याच चित्रपटाची कथा लिहिणारे डाल्टन ट्रंबो तेव्हा फोरमन यांच्याप्रमाणेच हॉलिवूडने वाळीत टाकलेल्यांच्या काळ्या यादीत होते, कथेचे ऑस्कर दुसऱ्याच्या नावावर गेले आणि ट्रंबो यांना ते मरणोत्तर, १९९३ साली मिळाले. एवढा मजकूर कोणत्याही घटस्फोटापेक्षा वाचनीय ठरेल असे मला वाटते. कोणता प्रसंग पाहावा आणि त्यात नटाने काय केले आहे, हे सांगणारे दोनशे शब्द छापलेत तर आमच्यासारखे वाचक ते कापून ठेवतील.

उपशीर्षकांचे काम आम्ही आमच्या परीने सुरू केले आहे. भारतीय कायद्यानुसार चित्रपटावरचा स्वामित्वहक्क प्रसिद्धीनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे असतो. संगीत आणि संहितेचे हक्क वेगळे असू शकतात म्हणून प्रत्येक वेळी जाणकारांना विचारूनच आम्ही खेळ ठरवतो. सुरुवात मूकपटांनी केली, कारण त्यांत मधूनमधून पडद्यावर येणाऱ्या मजकुराच्या पाट्यांचे मराठी करणे सोपे जाते. निदान तसे वाटले होते. ‘द जनरल’च्या पाट्यांवर आमचे तीन रविवार गेले, कारण रेल्वेचा प्रत्येक शब्द मराठीत कसा म्हणायचा यावर निवृत्त मंडळींत एकमत होईना, शेवटी शेडमध्ये जसे बोलत होतो तसेच लिहायचे ठरले, आणि ‘रेग्युलेटर’ रेग्युलेटरच राहिला.

या महिन्याच्या शेवटच्या रविवारी संध्याकाळी साडेपाच वाजता त्याच सभागृहात ‘द जनरल’चा हा खेळ आहे. टीका करणाऱ्या पत्रलेखकांना आपल्यामार्फत अगत्याचे निमंत्रण देतो. चित्रपट मुका आहे आणि पाट्या मराठीत आहेत, त्यामुळे इंग्रजीचा प्रश्न येणार नाही. पुढच्या रांगेत लोको शेडमध्ये काम केलेले तिघे-चौघे बसतात आणि ते मध्येच मोठ्याने बोलतात, तेवढे मात्र त्यांनी सांभाळून घ्यावे.

आपला विश्वासू,
एक सेवानिवृत्त रेल्वे कर्मचारी,
भुसावळ, जि. जळगाव